प्रत्येक लशीचं वचन वेगळं

नात दीड महिन्याची झाली तेव्हा सुनेबरोबर मीही लसीकरणाला गेले होते. अंगणवाडीच्या व्हरांड्यात पंधरा-वीस जणी बाळं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आमच्या पुढे एक अगदी तरुण आई होती, पहिलटकरीण असावी. सिस्टर सुई भरत असताना तिनं हळूच विचारलं, "सिस्टर, हे कशाचं इंजेक्शन आहे?" सिस्टर म्हणाल्या, "दीड महिन्याचं." पोरीनं मान डोलावली. बाळाच्या तोंडात थेंब पडले, दंडाला बारीकशी सुई लागली, मग दोन्ही मांड्यांत एकेक. कार्डावर तारखा पडल्या, तापाचं औषध हातात आलं आणि पुढचा नंबर लागला.

मला त्या सिस्टरांचा राग आला नाही. सकाळपासून व्हॅक्सिन कॅरिअर सांभाळायचा, कुपी किती वाजता उघडली ते लिहायचं, रजिस्टर भरायचं, मोबाइलवर नोंद करायची आणि रडणारी तीस बाळं हाताळायची, हे सगळं त्या एकट्या करत होत्या. सुई बरोबर जागी, बरोबर वेळी आणि स्वच्छ हातांनी दिली गेली. ही लहान गोष्ट नाही, आणि आपल्या देशात ती रोज हजारो गावांत घडते याचा मला अभिमान आहे. पण "दीड महिन्याचं" हे उत्तर काही माझ्या डोक्यातून जाईना. कारण त्या दिवशी त्या बाळाला पाच लशी मिळाल्या होत्या आणि त्यांमागे आठ रोग होते: पोलिओ, रोटाव्हायरसचे जुलाब, न्यूमोकोकसमुळे होणारा न्यूमोनिया, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हेपॅटायटिस बीची कावीळ आणि हिब नावाच्या जंतूमुळे होणारा मेंदूज्वर. आईच्या हाती मात्र एक वय तेवढं आलं.

माझं म्हणणं असं आहे की लशींवरचा विश्वास टिकवायचा असेल तर "लस घ्या, चांगली असते" एवढं सांगणं थांबवायला हवं. 'लस' हा शब्द एक, पण त्याखाली निरनिराळ्या जातीच्या वस्तू येतात आणि प्रत्येकीचं वचन वेगळं आहे. एखादी लस रोग होऊच देत नाही. एखादी रोग होऊ देते, पण जिवावर बेतू देत नाही. एखादी फक्त टोचून घेणाऱ्याला वाचवते, तर एखादी शेजारच्या बाळालाही. हे नेमकं वचन आधी सांगितलं नाही की लोक मनानेच एक वचन धरून चालतात, सगळ्यांत मोठं. आणि ते मोडलं की फसवणूक झाल्यासारखं वाटून ते लसीकरणाच्या वाटेलाच जाईनासे होतात.

हे मोठं वचन आपल्या मनात आलं कुठून? मला वाटतं, देवीच्या लशीकडून. जखमेतून जे पाण्यासारखं चिकट पाझरतं त्यालाही आपण लसच म्हणतो. टोचण्याच्या औषधाला हाच शब्द मिळाला, कारण तेव्हा टोचलं जायचं ते खरोखरच फोडातलं तसलं पाणी होतं. एडवर्ड जेनरनं 1796 मध्ये गाईच्या देवीचा पू एका मुलाच्या दंडात घातला. ते द्रव्य बगदाद आणि बसऱ्यामार्गे, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर असा प्रवास करत मुंबईला पोचलं, आणि 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचलं गेलं. हिंदुस्थानात देवीची लस लागू पडलेली ती पहिली व्यक्ती. पुढे "देवी काढणं" हा आपल्या घराघरांतला शब्द झाला. या लशीत देवीच्या विषाणूचा एक सौम्य नातेवाईक जिवंत असायचा, म्हणून शरीर जोरात शिकायचं. देवीचा विषाणू माणसाखेरीज कुठल्या प्राण्यात लपून राहत नव्हता, आणि रोगी चेहऱ्यावरून ओळखू यायचा. त्यामुळे लस, शोध आणि रोग्याच्या आसपासच्यांना गाठून टोचणं या तिघांनी मिळून हा रोग संपवला. भारतातला शेवटचा रुग्ण मे 1975 मधला, आणि 1980 मध्ये जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. एकदा टोचलं की रोग संपला, अशी जी समजूत आपल्या मनात बसली ती इथली. देवीच्या बाबतीत ती जवळपास खरी होती, पण पुढच्या लशींपैकी फार थोड्या इतक्या भाग्यवान निघाल्या.

बीसीजी घ्या. आल्बेर काल्मेत आणि कामी गेरँ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी गाईच्या क्षयाचा जंतू बटाटा, ग्लिसरीन आणि पित्त यांच्या माध्यमावर 1908 पासून तेरा वर्षं पुन्हा पुन्हा, 230 वेळा वाढवला. एवढ्या पिढ्यांनंतर त्याची रोग करण्याची ताकद गेली, आणि 1921 मध्ये तो पहिल्यांदा बाळाला दिला गेला. आजही आपल्याकडे जन्मल्याबरोबर डाव्या दंडावर बीसीजी टोचतात. तिचं वचन असं आहे: तान्ह्या बाळाला क्षयाचा मेंदूज्वर आणि सगळ्या शरीरात पसरणारा क्षय यांपासून ती बऱ्यापैकी वाचवते. मोठ्या माणसाच्या फुप्फुसाच्या क्षयाचं वचन ती देत नाही. तमिळनाडूतल्या चिंगलपेटमध्ये 1968 पासून जो प्रचंड मोठा प्रयोग झाला त्यात हे स्पष्ट झालं, आणि निष्कर्ष 1979 मध्ये जगासमोर आले. याला आता पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तरी दंडावरचा व्रण दाखवून "मला टीबी कसा होईल, बीसीजी झालंय माझं" म्हणणारी शिकलेली माणसं मी पाहिली आहेत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असताना ती थुंकी तपासायला जात नाहीत. जगातल्या क्षयरोग्यांपैकी साधारण चौथा हिस्सा ज्या देशात आहे तिथे या गैरसमजाची किंमत लहान नाही.

याच बीसीजीची आणखी एक गोष्ट आईला कुणी सांगत नाही. टोचल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तिथे गाठ येते, पिकते, फुटते आणि मग खपली धरते. हे अपेक्षितच असतं, पण ज्या आईला ते ठाऊक नाही ती त्यावर हळद लावते, शेक देते, नाहीतर सुई पिकली म्हणून पुढच्या वेळी बाळाला नेतच नाही.

दीड महिन्याच्या सुईनंतरचा तापही असाच. पेंटाव्हॅलेंट या पाच रोगांच्या लशीत डांग्या खोकल्याचा अख्खा जंतू मारून घातलेला असतो. अख्ख्या जंतूत शरीराला बोचणाऱ्या अनेक गोष्टी असतात, म्हणून ताप येतो, मांडी सुजते, बाळ किरकिर करतं आणि एक-दोन दिवसांत सगळं निवळतं. त्याच कुपीतले घटसर्प आणि धनुर्वाताचे भाग एवढा त्रास देत नाहीत, कारण तिथे जंतू नसतोच. जंतूनं सोडलेलं विष घेऊन फॉर्मॅलिननं निष्प्रभ केलेलं असतं. शरीर त्या विषाला ओळखायला शिकतं. बी प्रकारच्या काविळीचा भाग तर यीस्टमध्ये तयार केलेल्या एका प्रथिनाचा, म्हणजे विषाणूच्या नुसत्या अंगरख्याचा. हिबचं काम आणखी नाजूक आहे. त्या जंतूवर साखरेचं आवरण असतं आणि दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर नुसत्या साखरेची दखल घेत नाही, म्हणून ती साखर एका प्रथिनाला जोडून द्यावी लागते. एका बारीक कुपीत लस बनवण्याच्या तीन-चार वेगवेगळ्या रीती एकत्र नांदतात, याचं मला आजही नवल वाटतं. आईला एवढं सगळं सांगण्याची गरज नाही. "आज रात्री ताप येईल, तो डांग्या खोकल्याच्या भागामुळे येतो, घाबरू नका" हे एक वाक्य पुरे. ते न सांगितल्यानं रात्री बाळ फणफणतं, घरातली मोठी माणसं आईला बोल लावतात आणि अडीच महिन्यांचा डोस चुकतो. मीही सासू आहे, म्हणून हे बोलते. तो निर्णय पुष्कळदा आमच्या पिढीच्या तोंडून होतो.

भीती एकदा पसरली की काय होतं ते जपाननं भोगलं आहे. तिथे 1974-75 च्या हिवाळ्यात लस दिल्यानंतर दोन बाळं दगावली आणि डांग्या खोकल्याचं लसीकरण थांबवण्यात आलं. नंतर ते सुरू झालं तरी लोक फिरकेनात. 1974 मध्ये त्या देशात या रोगाचे चारशेच्या आसपास रुग्ण होते आणि एकही मृत्यू नव्हता. 1979 मध्ये रुग्ण 13,000 झाले आणि 41 जण गेले. पुढे जपाननंच अख्ख्या जंतूऐवजी त्याचे निवडक भाग असलेली, कमी ताप आणणारी लस तयार केली. आपल्याकडे खासगी दवाखान्यांत "पेनलेस" नावानं मिळते ती हीच. ती वाईट नाही. पण तिची पकड लवकर सैल होते, आणि पैसे मोजणाऱ्या आईबापांना हेही कळायला हवं. महाग म्हणजे जास्त चांगली, असा समज करून घेतलेल्या कितीतरी घरांत सरकारी लशीबद्दल उगाच कमीपणा वाटतो. तसं कारण नाही.

आता गोवर आणि धनुर्वात शेजारी ठेवून पाहा. कार्डावर दोन्हींपुढे सारखीच खूण होते, पण दोन्हींचं गणित अगदी उलट आहे.

धनुर्वाताचा जंतू मातीत आणि शेणात असतो. तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. त्यामुळे गावातल्या नव्याण्णव जणांनी लस घेतली तरी शंभराव्याला तिचा काडीचा उपयोग नाही. ज्यानं घेतली त्याचंच रक्षण. अपवाद एकच आणि तो फार सुंदर आहे: गरोदर बाईला टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची सुई, दिली की तिच्या रक्तातलं संरक्षण नाळेतून बाळाकडे जातं. पूर्वी विळ्यानं किंवा जुन्या ब्लेडनं नाळ कापायचे, बेंबीला शेण किंवा राख लावायचे, आणि सहाव्या-सातव्या दिवशी बाळ दूध ओढणं सोडून ताठ व्हायचं. सटवीनं नेलं म्हणायचे. ही बाळं आता मरत नाहीत, यामागे आईच्या दंडातली ती सुई आणि दवाखान्यातलं बाळंतपण आहे. माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारतानं 2015 मध्ये आटोक्यात आणला. पण मातीतला जंतू कुठे जाणार नाही. देवीसारखा धनुर्वात कधीच "संपणार" नाही, म्हणून ही सुई प्रत्येक पिढीला लागणारच. ती घेतलीच पाहिजे असं पटवायला समाजाचा दाखला लागत नाही, स्वतःचा स्वार्थ पुरतो.

गोवराचं तसं नाही. गोवराचा एक रोगी, आजूबाजूला कुणालाच संरक्षण नसेल तर, बारा ते अठरा जणांना लागण देतो. तो खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. एवढ्या वेगाला अडवायचं तर शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना दोन्ही डोस मिळालेले हवेत. पहिला डोस नवव्या महिन्यानंतर देतात, कारण त्याआधी आईकडून आलेलं संरक्षण लशीतल्या जिवंत पण दुबळ्या विषाणूला निकामी करतं. म्हणजे सहा-आठ महिन्यांचं बाळ अशा फटीत असतं की आईचं संरक्षण ओसरलंय आणि लशीचं वय आलेलं नाही. त्याचं रक्षण करायचं ते शेजारच्या मुलांनी. 2022 च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत गोवर उसळला, पाठोपाठ भिवंडी आणि मालेगावातही. करोनाच्या दोन वर्षांत चुकलेले डोस हे त्याचं मोठं कारण होतं. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांनाही लागण झाली आणि सहाव्या महिन्यातच एक जादा डोस देण्याची पाळी आली. अजूनही आपल्याकडे "गोवर सगळ्यांनाच येतो, निघू द्यावा" म्हणून कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवून थांबतात. गोवर अंगावर उठतो तेवढाच नसतो. तो न्यूमोनिया करतो, डोळे घालवू शकतो, आणि आधीच्या रोगांशी लढून शरीरानं जी ओळख साठवलेली असते तीही पुसून टाकतो. म्हणून गोवरातून बरं झालेलं पोर पुढे कित्येक महिने दुसऱ्याच आजारांनी पिडलेलं असतं. गोवराची लस घेताना आईला सांगायचं वचन दुहेरी आहे: तुझं बाळ वाचेल, आणि शेजारणीचं पाच महिन्यांचंही. मला खात्री आहे, हे दुसरं वाक्य ऐकून बाया मागे हटणार नाहीत. आपल्याकडच्या बाया शेजारणीचं लेकरू पाजायलाही मागेपुढे पाहत नव्हत्या.

पोलिओच्या बाबतीत "मागच्या महिन्यात थेंब पाजले, आता पुन्हा कशाला, आणि वर दंडाला सुई कशासाठी" हा प्रश्न अगदी रास्त आहे. थेंबांतला जिवंत दुबळा विषाणू आतड्यात संरक्षण उभं करतो, त्यामुळे पसरण थांबते. पण आतड्यात इतर जंतूंची गर्दी असली किंवा जुलाब असले की तो नीट रुजत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा पाजावा लागतो. सुईतला विषाणू मेलेला असतो. तो रक्तात संरक्षण देतो आणि लुळेपणा टाळतो. शिवाय थेंबांतला जिवंत विषाणू फार क्वचित, जिथे लसीकरण अर्धवट असतं तिथे, फिरता फिरता पुन्हा रोगट होऊ शकतो. त्या जोखमीपासूनही सुई वाचवते. भारतातला पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्यात सापडला. त्यानंतरही आपण दोन्ही का देतो, याला इतकं सरळ उत्तर असताना ते मनात ठेवायचं कशाला?

जिथे वचन न सांगितल्यानं सर्वांत क्रूर फसगत होते ती जागा मात्र बाळांच्या कार्डावर नाही. ती आहे कुत्र्याच्या चाव्याची. "लस घेऊनही मुलगा रेबीजनं गेला" अशी बातमी अधूनमधून छापून येते आणि गावभर लशीच्या नावानं बोटं मोडली जातात. रेबीजची लस चावल्यानंतर देता येते, कारण विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेनं हळूहळू मेंदूकडे सरकतो आणि तेवढ्या वेळात शरीराला शिकवता येतं. पण लशीनं संरक्षण तयार व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, चेहऱ्यावर, मानेवर किंवा बोटांवर असेल तर वाट जवळची असते. तेव्हा मधल्या दिवसांसाठी तयार प्रतिपिंडं थेट जखमेत टोचावी लागतात. लोक त्याला सीरम म्हणतात. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, लस त्याच दिवशी सुरू करायची, रक्त आलेल्या जखमेत सीरम टोचायचं, आणि लशीचे पुढचे डोस, सरकारी दवाखान्यात बहुधा तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, चुकवायचे नाहीत. ही चारही पावलं मिळून वचन पुरं होतं. यातलं सीरमचं पाऊल सर्वांत जास्त चुकतं. कधी ते जवळच्या दवाखान्यात नसतं, कधी घरच्यांना ते मागायचं असतं हेच माहीत नसतं. मग लस बदनाम होते आणि त्याहून वाईट म्हणजे पुढचा माणूस लस सोडून जखमेवर तिखट आणि चुना भरतो.

इथे जुनी भीतीही काम करते. "पोटात चौदा इंजेक्शनं" हे माझ्या पिढीनं ऐकलेलं आणि काहींनी घेतलेलं आहे. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली लस होती, कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी 1911 मध्ये विकसित केलेली. तिनं पुष्कळांना वाचवलं, पण त्या मेंदूच्या अंशांमुळे क्वचित लकवाही व्हायचा. भारतात तिचं उत्पादन 2004 च्या अखेरीस थांबलं. आताची लस पेशींवर वाढवलेली असते आणि दंडात दिली जाते. वीस वर्षं होऊन गेली, तरी कुत्रं चावल्याचं पोरं आईपासून लपवतात ती त्या चौदा सुयांच्या धाकानं. लस बदलली हे लोकांना कुणी नीट जाऊन सांगितलंच नाही.

खरं सांगितलं तर लोक घाबरतील, हा आक्षेप मी डॉक्टरांकडून आणि आरोग्य खात्यातल्या माणसांकडून अनेकदा ऐकला आहे. आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला इतिहासातून उत्तर द्यायला हवं, आणि ते आपल्या मुंबईतच मिळतं. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा जागेत, उष्णतेनं मारलेल्या जंतूंची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप येईल हे उघड होतं. संरक्षण संपूर्ण नव्हे, अंशतः मिळेल हेही लपवलेलं नव्हतं. त्याच वर्षी पुण्यात प्लेगसाठी घरांत शिपाई घुसत होते, त्याचा शेवट 22 जूनला रँड या प्लेग अधिकाऱ्यावर झालेल्या जीवघेण्या हल्ल्यात झाला. एकाच साथीत, एकाच सरकारच्या काळात या दोन वाटा होत्या. जबरदस्तीमुळे रोगी लपवले गेले, मृतदेह लपवले गेले. लशीसाठी मात्र हजारो माणसं आपण होऊन दंड पुढे करून उभी राहिली.

मग 1902 च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मलकोवाल गावी 19 जण लशीनंतर धनुर्वातानं मेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. चूक बाटली उघडण्याच्या वेळी, गावात झाली होती. पण दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर केलं गेलं. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आवाज उठवला आणि 1907 मध्ये ते निर्दोष ठरले. या पाच वर्षांत लशीवर संशय राहिला आणि प्लेग माणसं नेतच राहिला. माझ्या मते इथे घात केला तो दुर्घटनेपेक्षा तपास उघड व्हायला लागलेल्या वेळानं. एका बाटलीत काय झालं हे सहा महिन्यांत सगळ्यांसमोर मांडलं असतं तर शंका त्या बाटलीपुरती राहिली असती.

आपण हे शिकलो का? 2009 मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा प्रकल्प झाला. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूविरुद्धची ही लस आहे, विषाणूचा पोकळ अंगरखा वापरून केलेली. या कर्करोगानं भारतात दरवर्षी पाऊण लाखाहून जास्त बायका मरतात. प्रकल्पाच्या काळात सात मुली दगावल्या. चौकशीत साप चावणं, पाण्यात बुडणं, कीटकनाशक अशी कारणं निघाली आणि लशीशी संबंध दिसला नाही. पण दुसरी गोष्टही निघाली: आदिवासी मुलींच्या वसतिगृहांत संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डननी सह्या केल्या होत्या. संसदीय समितीनं 2013 मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले, आणि ते योग्यच होतं. निर्दोष लस देशाच्या कार्यक्रमात यायला त्यानंतर किती वर्षं रखडली ते आपल्यासमोर आहे. त्या आयांना विचारलं नाही, त्याची किंमत दुसऱ्याच बायकांनी मोजली. याउलट सिक्कीमनं 2018 मध्ये हीच लस आणताना आधी शिक्षक, पालक, डॉक्टर आणि पत्रकार यांच्याशी बोलणी केली, आणि नऊ ते चौदा वर्षांच्या शंभरातल्या सत्त्याण्णव मुलींनी लस घेतली. लस तीच होती, फरक आधी झालेल्या बोलण्याचा होता. तिथेही वचन नेमकं सांगावं लागतं: विषाणूची गाठ पडण्याआधी घेतली तर ती फार चांगली चालते, झालेला संसर्ग बरा करत नाही, आणि मोठेपणी तपासणी करून घेणं तिच्यामुळे सुटत नाही.

करोनाच्या लशींबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण ते घाव अजून ओले आहेत. 16 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन दिल्या गेल्या. पहिलीत चिंपांझीच्या सर्दीच्या विषाणूवर स्वार होऊन करोनाची एक खूण शरीरात जाते, दुसरीत अख्खा करोना विषाणू मारून घातलेला. दोन्हींचं भक्कम वचन होतं ते गंभीर आजार आणि मृत्यू टाळण्याचं. विषाणू रूप बदलत गेला तसं लागण टाळण्याचं वचन पातळ होत गेलं. पण फलकांवर आणि भाषणांत शब्द होता "सुरक्षा कवच". मग लस घेऊनही करोना झालेल्या लाखो माणसांनी कवच फुटलं असं मानलं. कोव्हिशील्डनंतर फार क्वचित रक्ताच्या गाठी होतात, हे युरोपात 2021 च्या वसंतातच सांगितलं गेलं. आपल्याकडे सामान्य माणसाच्या कानावर ते पडलं 2024 मध्ये, इंग्लंडातल्या खटल्याच्या बातमीतून, आणि तेही असं की जणू गुपित फुटलं. त्या लशीनं असंख्य जीव वाचवले, हे मी मनापासून मानते. म्हणूनच मला जास्त वाईट वाटतं. आज गोवराच्या सुईला नकार देणारा तरुण बाप माझ्याशी वाद घालतो तो करोनाच्या लशीचे दाखले देऊन.

वेळ कुठे आहे, हा दुसरा आक्षेप उरतो. एका सिस्टरला तीस बाळं, आशाताईंना मानधनावर दहा कामं. हे खरं आहे, आणि जास्त माणसं नेमणं ही सरकारची जबाबदारी आहेच. पण लसीकरणाच्या नियमांतच दोन गोष्टी आधीपासून आहेत. एक म्हणजे प्रत्येक पालकाला चार गोष्टी सांगायच्या: कोणती लस दिली आणि ती कोणता रोग टाळते, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढच्या वेळी कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवून बरोबर आणायचं. शेवटच्या दोन सांगितल्या जातात, पहिल्या दोन गळतात. दुसरी गोष्ट म्हणजे सुई दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबायचं. पंधरा-वीस आया, काही आज्या, क्वचित एखादा बाप अर्धा तास रिकामे बसलेले असतात. त्या दिवशी आम्हीही व्हरांड्यात तशाच बसलो होतो, एकमेकींची बाळं पाहत.

त्या अर्ध्या तासात आशाताईंनी, नाहीतर गावातल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेनं, हातात एक तक्ता घेऊन बोलावं. कोकणात कोकणीतून, मेळघाटात कोरकूतून, मालेगावात उर्दूतून. दंडावरची गाठ पिकेल, पिकू द्या. आजचा ताप डांग्या खोकल्याच्या लशीचा आहे, उद्या-परवा उतरेल. तो उतरला नाही, झटके आले किंवा बाळ तीन तास थांबलंच नाही रडायचं, तर या नंबरवर फोन करा. तुम्ही सांगितलेलं लिहून घेतलं जाईल आणि चौकशीत काय निघालं ते तुम्हाला कळवलं जाईल. नवव्या महिन्याला नक्की या, ती सुई शेजारच्या बाळासाठीही आहे. आणि घरी कुणाला कुत्रं चावलं, रक्त आलं, तर आधी साबणानं धुवा आणि दवाखान्यात गेल्यावर विचारा, सीरम दिलं का?